पुरुषांची वॉटर पोलो चॅम्पियनशिप पहिल्यांदा बघताय? मग हे आधी वाचून घ्या

वॉटर पोलोची मोठी स्पर्धा पहिल्यांदा बघायला बसलेल्या माणसाचं जवळपास ठरलेलं असतं. पाणी उडतंय, सारख्या शिट्ट्या वाजतायत, कोणीतरी कोणालातरी पाण्याखाली दाबतंय आणि रेफ्री गप्प, दुसऱ्याच मिनिटाला नुसता हात लागला म्हणून खेळाडू बाहेर, आणि मग अचानक गोल. दोन मॅच बघून लोक म्हणतात की हे आपल्याला कळणारं नाही, आणि सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा खेळ अवघड नाहीये, फक्त आपण चुकीच्या जागी बघत असतो. नवीन माणूस बॉलकडे बघतो, आणि खेळ ठरतो गोलच्या समोर दोन मीटरवर, जिथे दोन माणसं एकमेकांना धरून झुंजत असतात आणि बॉल बहुतेक वेळा तिथे नसतोच. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं, बाकीचं खाली क्रमाने लिहितोय.

१. कुठली स्पर्धा बघताय ते आधी नक्की करा

पुरुषांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुख्यतः तीन. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप, ती वर्ल्ड अॅक्वाटिक्स भरवते (हीच संस्था २०२२ पर्यंत फिना या नावाने ओळखली जायची, त्यामुळे जुन्या माहितीत फिना दिसलं तर गोंधळू नका). पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७३ साली बेलग्रेडला झाली आणि हंगेरीने जिंकली. दुसरी युरोपियन चॅम्पियनशिप, तिची सुरुवात १९२६ पासून. तिसरी ऑलिंपिक.

इथे नवीन माणसाचा हमखास गैरसमज होतो की ऑलिंपिक म्हणजेच सगळं. वॉटर पोलोत युरोपियन स्पर्धा जिंकणं तितकंच अवघड असतं, काही जण तर म्हणतील जास्तच, कारण जगातले बहुतेक तगडे संघ युरोपातलेच आहेत. सर्बिया, क्रोएशिया, हंगेरी, स्पेन, इटली, ग्रीस, माँटेनेग्रो हे सगळे एकाच स्पर्धेत, म्हणजे सोपी मॅच अशी मिळतच नाही.

दुसरी गोष्ट, वर्ल्ड चॅम्पियनशिप पोहणं, डायव्हिंग यांच्याबरोबरच भरते, पण वॉटर पोलोचा तलाव वेगळा असू शकतो. २०२५ ला सिंगापूरमध्ये पोहण्याच्या शर्यती एका ठिकाणी आणि वॉटर पोलो ओसीबीसी अॅक्वाटिक सेंटरमध्ये होतं. तिकीट काढताना खेळाचं नाव आणि जागेचं नाव दोन्ही वाचा.

२. ड्रॉ (कोण कोणाशी कधी खेळणार ते) स्वतःच्या हाताने कागदावर उतरवा

फोनवर वेळापत्रक असतंच, पण हाताने लिहिलं की डोक्यात बसतं. वर्ल्ड चॅम्पियनशिपची नेहमीची रचना अशी: १६ संघ, चार गट, प्रत्येक गटात चार. गटात पहिला आलेला संघ थेट क्वार्टर फायनलला. दुसरे आणि तिसरे आलेले संघ एकमेकांच्या गटांशी एक जास्तीची मॅच खेळतात आणि जिंकले तर क्वार्टर फायनलला. चौथे आलेले खालच्या जागांसाठी खेळत राहतात.

यात खरी मेख ही की गटात पहिलं येण्याची किंमत फार मोठी आहे. एक मॅच कमी म्हणजे एक दिवसाची जास्त विश्रांती, आणि जो खेळ पूर्ण वेळ पाय मारत खेळायचा त्यात ताजे पाय असण्यासारखं दुसरं काही नाही. म्हणून गटातली शेवटची मॅच, जिथे वरचे दोन संघ भिडतात, ती चुकवू नका. "दोघंही पुढे जाणारच आहेत, मग काय बघायचं" असं म्हणून लोक नेमकी तीच सोडतात.

पॉइंट्सचं सध्या बऱ्याच स्पर्धांत असं असतं: जिंकलं तर ३, शूटआउटमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या पेनल्टींमध्ये) जिंकलं तर २, शूटआउटमध्ये हरलं तर १, सरळ हरलं तर शून्य. युरोपियन स्पर्धेची रचना मधूनमधून बदलते, त्यामुळे दर वेळी नवीन नियमपत्रक उघडून बघायचंच.

सावधान: वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पुरुष आणि महिला आलटून पालटून एक दिवसाआड खेळतात. महिलांच्या मॅचेसही जरूर बघाव्यात, मी बघतोच, पण तुम्हाला पुरुषांची सर्बिया-हंगेरी हवी असेल आणि तिकीट महिलांच्या दिवसाचं निघालं तर चरफडत बसाल. आणि घरून बघत असाल तर वेळ कुठल्या टाइम झोनची दिलीये ते तपासा, यात तर रोज कोणी ना कोणी फसतं.

३. तिकीट, जागा आणि सोबत काय काय हवं

तिकीट बहुतेक वेळा एका मॅचचं नसतं, सेशनचं असतं, म्हणजे सलग दोन किंवा जास्त मॅचेस. सेशन संपलं की हॉल रिकामा करून पुढच्या सेशनवाल्यांना आत घेतात असंही होतं, त्यामुळे दिवसभर बसता येईल असं धरून चालू नका.

जागेबद्दल माझं ठाम मत आहे. पाण्याच्या अगदी कडेची खुर्ची घेऊ नका. फोटो झकास येतात, पाणी अंगावर उडतं, मजा वाटते, पण खेळाचा आकार दिसत नाही, नुसत्या टोप्या दिसतात. लांबीच्या बाजूला, मधोमध आणि थोडं वर बसा. तिथून हल्ला करणाऱ्यांची कमान आणि तिच्या पोटातला सेंटर (गोलच्या तोंडाशी उभा असलेला हल्ला करणारा) दोन्ही एका नजरेत येतात. बहुतेक वेळा ही जागा कडेच्या जागेपेक्षा स्वस्तही असते.

दुसऱ्या देशात जाऊन बघणार असाल तर ही यादी:

- पासपोर्ट, आणि त्याची मुदत परतीच्या तारखेच्या बरीच पुढची हवी
- लागत असेल तर व्हिसा, त्यासाठी मॅचचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि परतीचं तिकीट एकाच फाइलमध्ये
- प्रवास विमा
- तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे, आणि तिकीट फोनमध्ये डाउनलोड केलेलं, कारण गेटवर हजारो लोक एकदम नेट वापरत असतात
- दोन्ही संघांची खेळाडूंची यादी, टोपीच्या नंबरसकट
- छोटी वही आणि पेन (याचं काम सातव्या पायरीत)
- बंदिस्त तलाव असेल तर पातळ कपडे, आत दमट आणि गरम असतं. उघडा तलाव असेल तर टोपी आणि गॉगल, पाण्यावरून येणारा उजेड डोळ्यांना फार त्रास देतो

व्हिसाचं काम तिकीट हातात आल्या आल्या सुरू करा. फायनलचं तिकीट मिळालं आणि व्हिसाच वेळेत आला नाही अशी माणसं मला माहिती आहेत.

घरून बघणार असाल तर तुमच्या देशात प्रक्षेपण कोणाकडे आहे ते स्पर्धेच्या आधीच शोधून ठेवा आणि शक्य तेवढ्या मोठ्या स्क्रीनवर बघा. मोबाइलवर हा खेळ कळणं कठीण.

४. पाण्यात कोण कुठे असतं

प्रत्येक बाजूचे सात जण पाण्यात, सहा खेळाडू आणि एक गोलकीपर. आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, पण बॉल थांबला की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात मॅच तासाभराच्या वर जाते. एका संघाच्या टोप्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या गडद, बहुतेक निळ्या. गोलकीपरची लाल, नंबर १, आणि राखीव गोलकीपरचा साधारणपणे १३. टोपीला कानावर प्लॅस्टिकच्या वाट्या असतात, त्या शोभेच्या नाहीत, कानावर बसलेल्या फटक्याने पडदा फाटू शकतो.

तळाला पाय टेकवायला परवानगी नाही, आणि तलाव निदान १.८ मीटर खोल असतो. म्हणजे हे लोक पूर्ण मॅच पाण्यात उभे दिसतात ते निव्वळ पायांच्या जोरावर. या किकला एगबीटर म्हणतात, दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरतात, रवीने ताक घुसळावं तसे. पाण्याखालचा कॅमेरा दाखवला की स्कोअर बाजूला ठेवून पाय बघा. शूट करताना खेळाडू जवळजवळ कमरेपर्यंत पाण्याबाहेर येतो तो त्याच जोरावर.

हल्ला करणाऱ्यांची मांडणी नेहमी साधारण सारखीच. पाच जण गोलभोवती कमानीत, सहावा सेंटर, गोलच्या तोंडाशी, गोलकडे पाठ करून. कमानीतल्या उजव्या बाजूला डावखुरा खेळाडू सोन्यासारखा असतो, कारण तिथून त्याचा हात गोलच्या मधल्या भागाकडे मोकळा राहतो. हंगेरीचा टिबोर बेनेडेक, सर्बियाचे फिलिप फिलिपोविच आणि दुशान मांदिच हे सगळे डावखुरे. संघाची यादी हातात आली की मी सगळ्यात आधी डावखुरे कोण ते बघतो.

आणि फक्त गोलकीपरला दोन्ही हातांनी बॉल धरता येतो, तेही आपल्या गोलजवळच. बाकी सगळे एका हाताने.

५. शिट्ट्यांना घाबरू नका

निम्म्याहून जास्त शिट्ट्या साध्या फाऊलच्या असतात. रेफ्री एका हाताने फाऊलची जागा दाखवतो, दुसऱ्याने बॉल कोणाचा ते दाखवतो, आणि खेळ लगेच पुढे सुरू. याने कोणाचं फार नुकसान होत नाही, बचाव करणारे कित्येकदा हल्ला मंदावायला मुद्दाम असे फाऊल करतात.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. फाऊल सहा मीटरच्या (पिवळ्या खुणेच्या) बाहेर झाला असेल तर त्या खेळाडूला तिथून थेट गोलवर मारता येतं, आत झाला असेल तर नाही. म्हणून बाहेरच्या चांगल्या शूटरला फाऊल करताना बचाव करणारा हात आखडता घेतो. लाल खूण दोन मीटरची, हल्ला करणाऱ्याला बॉलच्या पुढे जाऊन तिच्या आत थांबता येत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ करणारा नियम. ज्याने बॉल हातात धरलाय त्याला ओढता येतं, पाण्याखाली दाबता येतं, चालतं. ज्याने बॉल सोडलाय, म्हणजे बॉल समोर तरंगतोय पण हातात नाही, त्याला धरलं, ओढलं किंवा बुडवलं की मोठा फाऊल. म्हणूनच मघाशी दाबलं तेव्हा शिट्टी नाही आणि आता नुसतं धरलं तर माणूस बाहेर, असं दिसतं. एकदा हे कळलं की रेफ्री वेडे वाटायचे थांबतात.

६. आता बॉल सोडा आणि सेंटरकडे बघा

या पायरीवर घाई करू नका, एक अख्खा क्वार्टर यालाच द्या. बॉल कुठे का असेना, तुमचे डोळे गोलसमोरच्या त्या जोडीवर ठेवा, सेंटर आणि त्याला अडवणारा.

एक हल्ला सावकाश बघू. सेंटर गोलकडे पाठ करून दोन मीटरवर जागा धरतो. अडवणारा त्याच्या मागे, म्हणजे गोलच्या बाजूला, किंवा कधी सगळा धोका पत्करून त्याच्या पुढे येतो, पास अडवायला. दोघांचे खांदे पाण्यावर, एकेक हात दुसऱ्याच्या अंगावर, आणि पाण्याखाली पायांची रेटारेटी चालू. बाहेरचे पाच जण बॉल फिरवतायत, पण तो फिरवतायत कशासाठी? सेंटरच्या मोकळ्या हाताच्या बाजूने पास देता यावा म्हणून. अडवणारा डावीकडे सरकला की बॉल उजवीकडे जातो, तो उजवीकडे आला की बॉल परत डावीकडे. मग एक क्षण असा येतो की सेंटरने त्याला पाठीवर घेतलेलं असतं आणि पास त्याच्या हातासमोर पाण्यावर पडतो. आता त्याच्यापुढे दोन रस्ते. बॉल उचलून वळून मारायचा, किंवा बॉल नुसता समोर तरंगत ठेवायचा आणि मागच्याने धरायची वाट बघायची. धरलं की शिट्टी, रेफ्री बोट दाखवून हात बाहेरच्या दिशेला नेतो, बोटांनी टोपीचा नंबर दाखवतो, आणि अडवणारा गोलरेषेजवळच्या कोपऱ्यात पोहत जातो.

नवीन माणसाला वाटतं सेंटरने काहीच केलं नाही. अहो, त्याने सगळंच केलं. गोल दुसऱ्याच्या नावावर लागेल, पण तो गोल या माणसाने कमावलेला असतो.

आणि अडवणाऱ्याचंही कौतुक करायला शिका. चांगला अडवणारा बॉल सेंटरपर्यंत येऊच देत नाही, पूर्ण हल्ला तसाच वाया जातो, आणि स्कोअरबोर्डवर त्याचं काहीच दिसत नाही.

७. बाहेर काढलं की वही उघडा

खेळाडू बाहेर गेला की त्याचा संघ वीसेक सेकंद एक माणूस कमी घेऊन खेळतो. मधेच गोल झाला किंवा त्याच्या संघाला बॉल मिळाला तर तो आधीही परत येऊ शकतो. हल्ला करणारे तेवढ्यात मांडणी बदलतात, बहुतेक चार जण गोलजवळ ओळीत आणि दोन जण वर. बॉल इतक्या वेगाने फिरतो की पाच जण आणि गोलकीपर हात वर करून नुसते इकडून तिकडे सरकत राहतात. याला मॅन-अप म्हणतात, आणि मोठ्या संघांच्या मॅचेस बहुतेक इथेच जिंकल्या किंवा हरल्या जातात.

वहीत दोन रकाने करा, एकेका संघाचा. तीनच गोष्टी लिहा:

- मॅन-अप किती मिळाले आणि त्यातले किती गोल झाले
- कोणाचे मोठे फाऊल किती झाले, टोपीच्या नंबरप्रमाणे
- टाइमआउट किती उरलेत

दुसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. तीन मोठे फाऊल झाले की तो खेळाडू मॅचमधून कायमचा बाहेर, पेनल्टी दिली तर तीही यात धरली जाते. एखाद्या संघाच्या मुख्य अडवणाऱ्याचे तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दोन झाले असले की समोरचा कोच प्रत्येक बॉल सेंटरकडे पाठवायला लागतो, आणि आपली वही उघडी असेल तर ते होण्याच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. यासारखी मजा दुसरी नाही.

पेनल्टी पाच मीटरवरून. आणि मारामारीसारखा हिंसक प्रकार झाला तर खेळाडू पूर्ण मॅचसाठी बाहेर आणि संघ चार मिनिटं एक माणूस कमी. हे क्वचित होतं, पण झालं तर मॅच तिथेच फिरते.

८. जुन्या मॅचेस बघून तयारी करताना

इथे एक सापळा आहे. २०२५ पासून वर्ल्ड अॅक्वाटिक्सने पुरुषांच्या मैदानाची लांबी ३० मीटरवरून २५ मीटरवर आणली आणि हल्ल्याचा वेळ (बॉल मिळाल्यावर गोलवर मारेपर्यंत मिळणारा) ३० सेकंदांवरून २५ वर. म्हणजे त्याआधीच्या मॅचेस बघून तुम्ही सवय लावून घेतली तर नवीन मॅच भलतीच घाईची वाटेल. सिंगापूरच्या फायनलमध्ये स्पेनने हंगेरीला १५-१३ ने हरवलं, आणि त्याच्या अगदी उलट टोकाला २०१७ ची बुडापेस्टची फायनल, क्रोएशिया ८, हंगेरी ६. दोन्ही बघा, पण कुठली कुठल्या नियमांची ते डोक्यात ठेवून.

९. संघांची थोडी ओळख

सगळ्यांचा इतिहास पाठ करायची गरज नाही, एवढं पुरे. हंगेरीकडे पुरुषांची नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकं, त्यातली २०००, २००४ आणि २००८ ची सलग. सर्बियाने २०१६, टोकियो आणि पॅरिस अशी सलग तीन जिंकली, पॅरिसच्या फायनलमध्ये क्रोएशियाला १३-११ ने हरवून. सर्बिया, क्रोएशिया, माँटेनेग्रो एकेकाळी एकाच युगोस्लाव्हियाचे, त्यामुळे त्यांच्या आपसातल्या मॅचेसमध्ये वातावरण वेगळंच तापलेलं असतं. माँटेनेग्रो एवढासा देश, पण २००८ ची युरोपियन स्पर्धा त्यांनी फायनलमध्ये सर्बियालाच हरवून जिंकली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधली हंगेरी-सोव्हिएत युनियन मॅच तुम्हाला कोणीतरी सांगेलच. हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यानंतर थोड्याच आठवड्यांत ही मॅच झाली, हंगेरी ४-० ने जिंकली आणि एर्विन झादोर रक्ताळलेल्या चेहऱ्याने पाण्याबाहेर आला. हंगेरीत या खेळाला इतकं जिवापाड का जपतात हे कळायला ती गोष्ट माहिती असावी. आणि कधी बुडापेस्टला गेलात तर मार्गारेट बेटावरचा हायोश आल्फ्रेडच्या नावाचा तलाव नक्की बघा. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकणाऱ्या या माणसाने, पुढे आर्किटेक्ट होऊन, तो स्वतः डिझाइन केलाय.

१०. शेवटच्या मिनिटांत उठू नका

तीन गोलांची आघाडी या खेळात सुरक्षित नसते, दोन मॅन-अप आणि एक काउंटर अटॅक झाला की संपली. शेवटची दोन मिनिटं उरली की टाइमआउटची नोंद बघा, ज्याच्याकडे टाइमआउट शिल्लक आहे त्याला शेवटचा हल्ला ठरवून करता येतो. सध्या काही मोठ्या स्पर्धांत कोचला व्हिडिओ रिव्ह्यू मागता येतो, त्यामुळे गोल दिला गेला तरी रेफ्री स्क्रीनकडे जाऊन येईपर्यंत स्कोअर लिहायची घाई नको.

बरोबरी झाली तर आता जास्तीचा वेळ देत नाहीत, थेट पेनल्टी शूटआउट, पाच-पाच जण. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल शूटआउटवर गेल्या, अनुक्रमे स्पेन, हंगेरी आणि क्रोएशिया जिंकले. म्हणजे परतीची गाडी किंवा विमान मॅच संपायच्या वेळेला चिकटून ठरवू नका, फायनलच्या दिवशी तर अजिबात नाही.

आणि त्या दिवशी ब्राँझची मॅच आधी असते, तिला वेळेत पोचा. सेमीफायनल हरलेले दोन संघ, एकाला पदक आणि दुसऱ्याला काहीच नाही. पॅरिसला अमेरिकेने हंगेरीला शूटआउटमध्ये हरवून ब्राँझ घेतलं ते अशाच मॅचमध्ये. बरेच लोक फायनलच्या वेळेला हॉलमध्ये शिरतात, तोवर तुम्ही तुमच्या मधल्या जागेवर बसून वहीचं पहिलं पान भरलेलं असेल.